चार भोकांचं बटण

शोकसभेत कुणीतरी म्हणालं, त्यागमूर्ती.
मी खुर्चीत चुळबुळले.
मूर्तीला कुणी हात लावू देत नाही,
आणि आम्ही तर तिला हातानंच ओळखायचो:
डाव्या हाताची दोन बोटं अर्धी,
भोसरीच्या प्रेसमध्ये राहिलेली,
टोकाशी गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी.

सगुणाबाई ओव्हाळ. नाना पेठ.
शर्टांना काज-बटण, डझनाच्या भावानं.
नुकसानभरपाईचा खटला अकरा वर्षं चालला.
तारखेला जाताना ती पिशवीत काम न्यायची;
कोर्टाच्या बाकावर किती शर्टांना बटणं लागली
ते तिच्या वकिलालाही माहीत नव्हतं.

आमच्या वसतिगृहात ती आली
गणवेशांची उसवण शिवायला.
विचारलं, पोरींनो, रविवारी जाता कुठं?
कुठंच नाही. कोण नेणार?
ती काही बोलली नाही.
दातानं दोरा तोडल्याचा आवाज आला फक्त.

महिन्यानं तिनं टेबलावर एक जाड चादर पसरली.
"हात धुतले का? मग लावा. हे पुणं."

मुठा म्हणजे सॅटिनची फीत,
"पाणी कमीच असतं, म्हणून अरुंद कापली."
रेल्वे म्हणजे पँटची चेन,
ओढली की मुंबईपर्यंतचा दात न् दात करकरायचा.
लकडी पुलाला आइस्क्रीमच्या काड्या.
पर्वतीला कोटाची बटणं, एकावर एक,
चढताना बोटालाही दम लागायचा.
रस्ता खणलाय तिथं पॉलिशपेपर, तोही नुसता टाचलेला,
"हा हलवावा लागतो सारखा."
गुळआळीला तिनं काहीच शिवलं नाही.
"तिथं नाकाला विचारा."

तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं.
बसची पाटी ती शेजारच्या माणसाला विचारायची.
"तुम्ही नि मी एकाच वर्गात," म्हणायची, "मागच्या बाकावर."
म्हणून बसला लोकर: स्वारगेटला तीन गाठी,
हडपसरला पाच, आणि कात्रजला
गाठी घालून कंटाळले म्हणून एकच, मोठी.

एका कोपऱ्यात एकटंच बटण होतं.
साधं, शर्टाचं, चार भोकांचं.
हे काय?
"माझं घर. चुकलात तर इथं या."

आम्ही चुकलो.
खोटं खोटं चुकलो, पुष्कळदा.
मिश्रीच्या वासाच्या शिव्या,
मग स्टोव्हला पिन मारल्याची खटपट,
मग भाकरी थापल्याचा आवाज.
उधारी मात्र तिला चालत नसे.
बसभाड्याचे सव्वाआठ रुपये
तिनं माझ्या पहिल्या पगारातून मागून घेतले,
आणि त्याच संध्याकाळी त्यांची लोकर आणली.

चादर आता माझ्याकडे असते.
परवा नव्या मुली आल्या. एकीनं विचारलं,
मेट्रो कुठंय?
खरंच, कुठंय?
मी प्लास्टिकची चेन आणली, खाली कापूस भरला,
कारण ती वरून जाते.
दोनदा बोट टोचलं. वनाजहून निघाले
आणि डेक्कनच्या अलीकडेच फितीत घुसले, तिरकी.
उसवलं. परत शिवलं. परत उसवलं.
तेव्हा पहिल्यांदा चादर उलटी हाताला लागली:
केवढ्या गाठी, केवढे जोड,
मध्येच संपलेला दोरा, पुढं दुसऱ्याच जातीचा,
एके ठिकाणी सगळी नदीच काढून
बोटभर सरकवलेली.
वरून कधी कळलं नव्हतं.

मग त्या मुलीचं बोट कोपऱ्यात गेलं आणि थांबलं.
इथं काय आहे?

सांगायला तोंड उघडलं.
ती खोली आता दुसऱ्या कुणाची,
जिन्याला म्हणे लोखंडी दार बसवलंय.

मुलीचं बोट चार भोकांवरून फिरलं,
पुन्हा एकदा फिरलं.
तिनं बटण जरा ओढूनही पाहिलं.
"घट्ट आहे," ती म्हणाली.